परक्या दारातील पहिला शब्द
अमेरिकन विद्यापीठांतील परदेशी विद्यार्थ्यांच्या साह्यकार्याचा इतिहास

विद्यादानाची थोरवी आपल्याकडे पुरातन काळापासून गायली गेली आहे. परंतु विद्यादान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे प्रामुख्याने द्रव्यसाहाय्यच येते. फी भरली, पुस्तके दिली, प्रवासखर्च केला की दात्याचे कर्तव्य पूर्ण झाले, असा सर्वसाधारण समज आहे. स्वदेशी शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत हा समज बऱ्याच अंशी खराही असेल. मात्र सातासमुद्रापलीकडे उच्च शिक्षणासाठी गेलेल्या विद्यार्थ्याला पैशाइतकीच आणखी एका गोष्टीची गरज असते. परक्या भूमीवर पाऊल ठेवताच त्याचे स्वागत करणारे, त्याला निवारा दाखविणारे व पहिल्या काही आठवड्यांत त्याचा हात धरणारे कोणीतरी लागते. अमेरिकन विद्यापीठांमध्ये हे कार्य कसे सुरू झाले व त्याला संस्थेचे स्वरूप कसे प्राप्त झाले, याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. त्या इतिहासाच्या प्रारंभीच्या पानांवर महाराष्ट्राची नावेही आढळतात.

रोझेल येथील घर

अमेरिकेत शिकण्यास गेलेल्या भारतीय स्त्रियांमध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांचे नाव अग्रस्थानी आहे. त्यांच्या शिक्षणासाठी पती गोपाळराव यांनी एका मिशनऱ्यास लिहिलेले पत्र अमेरिकेतील एका नियतकालिकात प्रसिद्ध झाले. न्यूजर्सी राज्यातील रोझेल गावच्या श्रीमती थिओडिशिया कार्पेंटर यांच्या ते वाचनात आले व त्यांनी आपण होऊन पत्रव्यवहार सुरू केला. ओळखदेख नसलेल्या या बाईंनी आनंदीबाईंसाठी आपल्या घराचे दार उघडले. १८८३ च्या एप्रिलमध्ये आनंदीबाई कलकत्त्याहून निघाल्या व जूनमध्ये न्यूयॉर्कला पोहोचल्या. त्या वेळी त्यांचे वय अवघे अठरा वर्षांचे होते.

आनंदीबाई त्यांना ‘मावशी’ म्हणत. वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेण्यापूर्वीचे काही महिने त्या कार्पेंटर कुटुंबात राहिल्या. परकी हवा, परके अन्न आणि परकी बोली यांची सवय त्यांना तेथे झाली. मग त्या फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात दाखल झाल्या. तेथील अधिष्ठाता रॅशेल बॉडली यांनीही त्यांना आपुलकीने वागविले. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना एम.डी. पदवी मिळाली. दुर्दैवाने २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांची रक्षा पुढे न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथे कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवण्यात आली. नाते किती जडले होते, हे सांगण्यास एवढी एक गोष्ट पुरेशी आहे.

शिष्यवृत्ती आणि सोबत

पुढे पुढे विद्यार्थ्यांची संख्या वाढू लागली. एकेका कुटुंबाच्या आतिथ्यावर सर्वांची सोय होणे शक्य नव्हते. तेव्हा विद्यार्थ्यांनीच पुढाकार घेतला. १९०३ साली विस्कॉन्सिन विद्यापीठात व १९०४ साली कॉर्नेल विद्यापीठात निरनिराळ्या देशांच्या विद्यार्थ्यांनी एकत्र येऊन मंडळे स्थापन केली. कॉस्मोपॉलिटन क्लब या नावाने अशी मंडळे अनेक विद्यापीठांत पसरली. आपले ज्ञानकोशकार डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर हे १९०६ साली अमेरिकेस गेले व १९११ साली त्यांनी कॉर्नेलचीच पीएच.डी. पदवी संपादन केली. म्हणजे अशा मंडळांचा उदय होत असतानाच ते त्या विद्यापीठात शिकत होते.

१९१३ च्या जुलैमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली होती. या शिष्यवृत्तीचे मोल शब्दांत सांगता येणार नाही. परंतु तेथे त्यांना आणखी एक धन लाभले. लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात नवल भथेना हे पारशी तरुण त्यांचे सोबती झाले व ही मैत्री जन्मभर टिकली. पुढे लंडनच्या शिक्षणकाळात आर्थिक चणचण भासली, तेव्हाही भथेना त्यांच्या मदतीस धावून आले. अध्यापकांमध्ये प्रा. सेलिग्मन यांचा आधार तसाच मोठा होता. १९२५ साली बाबासाहेबांचा प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या विकासावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याला प्रा. सेलिग्मन यांची प्रस्तावना आहे व तो ग्रंथ सयाजीराव महाराजांना अर्पण केलेला आहे. एकाच ग्रंथाच्या आरंभीच्या पानांवर द्रव्य देणारा व हात देणारा, अशा दोघांचे स्मरण घडते.

तीन आठवड्यांचे मौन

याच कोलंबिया विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर १९०९ साली एक लहानशी घटना घडली. हॅरी एडमंड्स नावाचे एक तरुण कार्यकर्ते पायऱ्या चढत असता समोरून एक चिनी विद्यार्थी आला. एडमंड्स यांनी सहज ‘सुप्रभात’ म्हटले व ते पुढे गेले. विद्यार्थी मात्र थबकला. न्यूयॉर्कमध्ये येऊन आपल्याला तीन आठवडे झाले आणि आपल्याशी बोलणारे तुम्ही पहिलेच, असे त्याने त्यांना सांगितले. लाखोंच्या वस्तीत, नामांकित विद्यापीठाच्या आवारात, एका बुद्धिमान तरुणाने तीन आठवडे मौनात काढले होते.

एडमंड्स यांनी ही गोष्ट घरी पत्नीस सांगितली व उभयतांनी परदेशी विद्यार्थ्यांना रविवारच्या भोजनास बोलाविण्यास प्रारंभ केला. पाहुण्यांची संख्या वाढता वाढता घर अपुरे पडू लागले. मंडळ स्थापन झाले, मोठ्या जागेत मेळावे भरू लागले आणि अखेर स्वतंत्र वास्तूची आवश्यकता भासू लागली. उद्योगपती जॉन डी. रॉकफेलर (धाकटे) यांनी त्यासाठी मोठी देणगी दिली. १९२४ साली न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड ड्राइव्हवर ‘इंटरनॅशनल हाऊस’ उभे राहिले. एका साध्या अभिवादनातून उभी राहिलेली ही वास्तू आजही विद्यार्थ्यांच्या सेवेत आहे. येथे एक क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. आधी अगत्य, मग भोजन, मग मंडळ आणि सर्वांत शेवटी इमारत. देणगी आली ती चालत्या कार्याला.

बर्कले येथील विरोध

असे कार्य सर्वत्र फुलांच्या पायघड्यांवरून झाले असे मात्र नाही. एडमंड्स यांनी कॅलिफोर्नियातील बर्कले येथे दुसरे गृह उभारण्याचे ठरविले. पॅसिफिक किनाऱ्यावर आशियाई विद्यार्थ्यांविषयी त्या काळी तीव्र पूर्वग्रह होता. तेथील अनेक घरमालक त्यांना खोली देत नसत, विद्यार्थ्यांच्या प्रतिष्ठित निवासमंडळांतही त्यांना प्रवेश नसे. निरनिराळ्या वर्णांचे तरुण, शिवाय स्त्री व पुरुष, एकाच छताखाली राहणार, या कल्पनेने गावात खळबळ माजली. निषेधासाठी आठशेहून अधिक लोक सभेला जमले. त्या सभेत डेलायला बीझली या कृष्णवर्णीय महिला पत्रकाराने निर्भयपणे या गृहाची बाजू मांडली.

एडमंड्स डगमगले नाहीत. ज्या रस्त्यावर परदेशी विद्यार्थ्यांना मज्जाव करणाऱ्या मंडळांची घरे होती, त्याच पीडमाँट ॲव्हेन्यूवर त्यांनी जागा निश्चित केली. १९३० च्या ऑगस्टमध्ये ते गृह सुरू झाले. १९३२ साली शिकागो येथेही असेच गृह उभे राहिले. ज्याला कोणी खोली देत नाही, त्याला प्रवेशपत्राचा काय उपयोग? या प्रश्नाचे उत्तर या वास्तूंनी दिले.

कायदा आणि कार्यालय

आतिथ्याइतकीच कायद्याच्या मार्गदर्शनाचीही निकड होती. १९१७ च्या अमेरिकन कायद्याने हिंदुस्थानसह आशियाच्या मोठ्या भूभागातून येणाऱ्यांना बंदी केली, परंतु विद्यार्थ्यांना त्यातून वगळले. १९२१ साली देशवार संख्येची मर्यादा आली. मर्यादा भरल्यावर बंदरात उतरलेल्या विद्यार्थ्याला परत पाठविले जाण्याची भीती निर्माण झाली. १९१९ साली स्थापन झालेल्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ इंटरनॅशनल एज्युकेशन’ या संस्थेने व तिचे संचालक स्टीफन डुगन यांनी विद्यार्थ्यांची बाजू सरकारपुढे नेटाने मांडली. १९२४ च्या कायद्यात खऱ्याखुऱ्या विद्यार्थ्यांना संख्यामर्यादेबाहेर स्थान मिळाले. आज सुपरिचित असलेला ‘एफ-१’ हा व्हिसा वर्ग १९५२ च्या कायद्याने आला.

दुसऱ्या महायुद्धानंतर विद्यार्थ्यांचा ओघ वाढला. विद्यापीठांनी परदेशी विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र सल्लागार नेमले. १९४८ साली या सल्लागारांनी ‘नाफ्सा’ ही आपली राष्ट्रीय संघटना स्थापन केली. २ फेब्रुवारी १९५० रोजी भारत व अमेरिका यांच्यात फुलब्राइट करार झाला. त्याद्वारे निवडलेल्या भारतीय पदवीधरांना अमेरिकेत पुढील शिक्षणाची संधी मिळू लागली.

सल्लागाराचे काम वरकरणी साधे, पण अत्यंत जबाबदारीचे असते. विद्यापीठाकडून मिळणारा ‘आय-२०’ हा कागद सांभाळणे, सत्रारंभापूर्वी तीस दिवसांहून आधी देशात प्रवेश न करणे, सत्रात पूर्णवेळ अभ्यासक्रम घेणे, आवारातील काम आठवड्यास वीस तासांच्या आत ठेवणे, हे नियम नवागताला वेळीच समजावून सांगावे लागतात. एखादा विषय मधेच सोडून दिल्याने पूर्णवेळ विद्यार्थ्याचा दर्जा जाऊ शकतो, हे मुलाच्या ध्यानीही नसते. दुसऱ्याचे लेखन उल्लेखाविना उतरवणे हा तेथे गंभीर अपराध मानला जातो, हेही आधीच सांगितलेले बरे. २००१ च्या दहशतवादी हल्ल्यानंतर, २००३ पासून विद्यार्थ्यांची माहिती संगणकाद्वारे सरकारला कळविण्याची ‘सेव्हिस’ ही व्यवस्था सक्तीची झाली. त्यामुळे सल्लागार हा विद्यार्थ्याचा मार्गदर्शक आणि त्याच वेळी सरकारला वर्दी देणाराही झाला. या दुहेरी भूमिकेचे ओझे हलके नाही.

देशबांधवांचा हात

कार्यालय कितीही दक्ष असले, तरी ते संध्याकाळी बंद होते. विमान मात्र मध्यरात्रीही उतरते. ही उणीव भारतीय विद्यार्थी मंडळांनी भरून काढली. परकीय चलनाच्या कडक नियंत्रणाच्या काळात, खिशात अवघे आठ डॉलर घेऊन गेल्याचे त्या पिढीतील अनेकजण सांगतात. अशा वेळी विमानतळावर आलेला वरच्या वर्गातील विद्यार्थी हाच बँक, हाच घरमालक आणि हाच पालक ठरत असे. पुढे ही पद्धतच पडली. नवागताला विमानतळावरून आणणे, घर मिळेपर्यंत आपल्या खोलीत जागा देणे, भाडेकराराचा अर्थ समजावणे, बँकेत खाते उघडून देणे, किराणा कोठे मिळतो ते दाखविणे, शाकाहारी मुलाला पदार्थांच्या वेष्टनावरील बारीक अक्षरे वाचावयास शिकविणे, ही सारी कामे तेथील मुले विनामोबदला करतात. गेल्या वर्षी ज्याला कोणी आणले, तो यंदा दुसऱ्याला आणावयास जातो. हे ऋण ज्याचे त्याला फेडले जात नाही, ते पुढच्याच्या खाती जमा होते.

२०२३-२४ या शैक्षणिक वर्षात अमेरिकेत ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते. त्यांपैकी १,९६,५६७ पदव्युत्तर शिक्षण घेत होते. आनंदीबाई एकट्या गेल्या होत्या. आज त्या वाटेवर जणू एक नगरच चालले आहे. परंतु संख्या वाढली म्हणून एकटेपण संपले, असे नाही. लाखांच्या गर्दीतही प्रत्येकाचा पहिला दिवस त्याचा एकट्याचाच असतो.

उपसंहार

या इतिहासाचे सार थोडक्यात सांगता येईल. महाराजांची शिष्यवृत्ती, रॉकफेलर यांची देणगी, शासनांचे करार ही सर्व थोर कार्ये आहेत, त्यांच्याविना दारापर्यंत पोहोचताच आले नसते. परंतु दाराच्या आत नेले ते कार्पेंटर मावशींनी, नवल भथेना यांनी, रविवारी पान मांडणाऱ्या एडमंड्स दांपत्याने आणि मध्यरात्री विमानतळावर उभ्या राहणाऱ्या अनामिक विद्यार्थ्यांनी. शिक्षणासाठी दिलेल्या दानाचा हिशेब रुपयांत मांडता येतो, या दुसऱ्या दानाला वहीत रकाना नाही. आपल्या घरातून परदेशी निघालेल्या मुलामुलींच्या हाती तिकीट व हुंडणावळ ठेवताना, तिकडे त्यांना उतरवून घेणारा कोण, याचीही चौकशी प्रत्येक कुटुंबाने करावी. आणि त्यांनी स्थिरस्थावर झाल्यावर पुढच्याला उतरवून घ्यावयास जावे, एवढा संस्कार त्यांच्यासोबत अवश्य द्यावा.