नगरचं इंजिन

२००९ सालच्या उन्हाळ्यात, एका रविवारी पहाटे, कर्नाटकात कोलारजवळ एक छोटं वैमानिकरहित विमान उडालं. १.८ किलोमीटर उंचीवर गेलं आणि एकूण चाळीसेक मिनिटांनी एका कोरड्या तलावात सुखरूप उतरलं. विमानाचं नाव निशांत. ते १९९५ पासून उडत होतं, त्यामुळे विमानात नवल नव्हतं. नवल होतं ते त्याच्या मागच्या बाजूला बसवलेल्या, सुमारे ३० किलो वजनाच्या इंजिनात. तोवर तिथे आयात केलेलं इंजिन असायचं. हे भारतात घडवलेलं होतं, आणि ते घडवणाऱ्या तीन संस्थांपैकी एक अहमदनगरची होती. (शहराचं आणि जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर आहे. गोष्ट जुनी, म्हणून मी जुनं नाव ठेवतो आहे.)

ही संस्था म्हणजे व्हीआरडीई, डीआरडीओची वाहन संशोधन आणि विकास प्रयोगशाळा. तिचं मूळ रावळपिंडीजवळच्या चकलाला इथलं, ब्रिटिश फौजेच्या गाड्या तपासणाऱ्या कार्यालयातलं. फाळणीच्या वेळी ते नगरला आलं. पाठोपाठ रणगाडा दलाचं प्रशिक्षण केंद्रही आलं आणि नगर लष्करी गाड्यांचं गाव झालं. देशात विकायच्या गाड्यांना मान्यता मिळण्याआधी ज्या संस्थांकडून चाचणी करून घ्यावी लागते, त्यांच्या यादीत पुण्याच्या एआरएआयच्या बरोबरीने व्हीआरडीईचं नाव असतं. थोडक्यात, संस्था गाड्यांची. मग विमानाच्या इंजिनात तिचं काय काम?

याचं उत्तर इंजिनाच्या जातीत आहे. निशांतचं इंजिन वँकेल जातीचं होतं. फेलिक्स वँकेल या जर्मन माणसाच्या कल्पनेवरून एनएसयू कंपनीत १९५७ साली असं पहिलं इंजिन चाललं. नेहमीच्या इंजिनात दट्ट्या खाली-वर जातो आणि त्या हालचालीचं फिरण्यात रूपांतर करावं लागतं. वँकेलमध्ये दट्ट्याच नाही. कमरेत किंचित आवळलेल्या लंबगोल पोकळीत एक फुगीर त्रिकोण फिरतो. त्याच्या तीन बाजूंना तीन कप्पे तयार होतात आणि प्रत्येक कप्प्यात शोषण, दाब, स्फोट, उत्सर्जन हे चक्र आळीपाळीने चालतं. त्रिकोण एकदा फिरतो तेव्हा दांडा तीनदा फिरतो, म्हणजे दांड्याच्या दर फेऱ्याला एक स्फोट मिळतो. मोटारसायकलच्या एका सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात तो दोन फेऱ्यांना एकदा मिळतो. व्हॉल्व्ह नाहीत, हलणारे भाग मोजके, थरथर कमी, वजनाच्या मानाने ताकद जास्त. ज्याच्या पोटाखाली कॅमेरा टांगलेला आहे आणि ज्याला साडेचार तास आकाशात राहायचं आहे, अशा विमानाला आणखी काय हवं?

पण ही जात खोडसाळ आहे. त्रिकोणाच्या तीन टोकांवर बारीक सील असतात. ते पोकळीच्या भिंतीला सतत घासत राहतात, आणि ते झिजले की कप्प्यांमधला दाब गळतो. शिवाय स्फोट नेहमी पोकळीच्या एकाच बाजूला होतो आणि थंड मिश्रण नेहमी दुसऱ्या बाजूने आत येतं. एक बाजू तापलेली, दुसरी गार, त्यामुळे भिंतीचा आकार किंचित बिघडतो, आणि त्या बिघडलेल्या भिंतीवरूनच सीलना घसटत जायचं असतं. एनएसयूची रो ८० ही गाडी १९६७ साली गाजत बाजारात आली आणि याच सीलपायी कंपनीला पुरती महागात पडली. माझदाने चिकाटी धरली म्हणून ही जात रस्त्यावर टिकली.

निशांतच्या इंजिनाचा गाभा, म्हणजे ही पोकळी आणि तो त्रिकोण, बेंगळुरूच्या एनएएलने आखला. उड्डाण चाचण्यांची बाजू तिथल्याच एडीईने सांभाळली. ठिणगी वेळेवर पडणं, इंधन मापात पोहोचणं, गाभ्याभोवतीचा सगळा संसार, हे काम नगरकडे होतं. ऐकायला दुय्यम वाटेल, पण निशांत कसं उडायचं ते पाहा. त्याला धावपट्टी लागत नसे. पुण्याच्या आर अँड डीई (इंजिनिअर्स) या संस्थेने बनवलेल्या, ट्रकवर चढवलेल्या रुळावरून ते एका सेकंदाच्या आत ताशी दीडशे किलोमीटरच्या पुढच्या वेगाने फेकलं जायचं. असा झटका बसताना टाकीतलं इंधन मागे आपटतं, आणि नेमक्या त्याच क्षणी इंजिनाने पूर्ण ताकद द्यायची असते. तिथे ठिणगी चुकली तर दुसरी संधी नाही. खड्डे, धूळ, उन्हाळा सोसणाऱ्या गाड्यांवर आयुष्य काढलेल्या लोकांकडे हे काम जाणं स्वाभाविक होतं.

आयात केलेलं इंजिन चालत होतं, मग हा खटाटोप कशाला? कारण छोट्या विमानाचा मालक खरं तर इंजिन बनवणाऱ्याचा कुळ असतो. २००८ साली थिलर्ट ही जर्मन कंपनी दिवाळखोरीत गेली. मर्सिडीजच्या ए-क्लास मोटारीच्या डिझेल इंजिनावरून ती विमानाची इंजिनं करायची. दिवाळखोरीनंतर जुन्या हमीपत्रांना अर्थ उरला नाही आणि डायमंड कंपनीच्या विमानांचे मालक हवालदिल झाले. शेवटी डायमंडने ऑस्ट्रो नावाने स्वतःचं इंजिन काढलं, तेही मर्सिडीजच्याच मोटार इंजिनावरून. २०२० साली नागोर्नो-काराबाखच्या युद्धात तुर्कस्तानची बायरक्तार ड्रोन गाजली. त्यांत रोटॅक्सची इंजिनं आहेत हे उघड झाल्यावर रोटॅक्सच्या कॅनडातल्या मालक कंपनीने पुरवठा थांबवला. तुर्कस्तानला स्वतःच्या इंजिनाकडे वळावं लागलं.

आपलं नागरी विमानही याच रांगेत आहे. एनएएलचं हंसा हे एका इंजिनाचं, दोन आसनांचं प्रशिक्षण विमान १९९३ साली पहिल्यांदा उडालं ते अमेरिकन काँटिनेंटल इंजिनावर. पुढे हंसा-३ मध्ये रोटॅक्स ९१४ आलं. २०२१ साली उडालेल्या हंसा-एनजीत संगणकाने इंधन मोजणारं रोटॅक्स ९१२ आहे. तीस वर्षांत इंजिन दोनदा सुधारलं, आणि दोन्ही वेळा ती सुधारणा विकत आणलेली होती.

नगरच्या इंजिनाचं पुढे काय झालं? ते निशांतमधल्या आयात इंजिनाची जागा घेईल अशी अपेक्षा होती. पण विमानच टिकलं नाही. लष्कराला मिळालेली चारही निशांत अपघातांत गेली आणि २०१५ मध्ये लष्कराने पुढची खरेदी थांबवल्याच्या बातम्या आल्या. इंजिनाला बसायला घर उरलं नाही. त्यानंतर तपस हे मोठं ड्रोन आलं, दोन इंजिनांचं. त्यासाठी व्हीआरडीईने कोइम्बतूरच्या जयेम ऑटोमोटिव्हबरोबर १८० अश्वशक्तीचं इंजिन हाती घेतलं. पण तपस लष्कराला हवी असलेली उंची आणि २४ तासांचं उड्डाण गाठू शकलं नाही, आणि २०२४ च्या सुरुवातीला तो प्रकल्पही मूळ स्वरूपात गुंडाळल्याचं प्रसिद्ध झालं. पुन्हा तेच: इंजिनाचं नशीब एका विमानाला बांधलेलं आणि विमानाचं नशीब एका गिऱ्हाइकाला.

इथे आपल्या चर्चा दोनच वळणं घेतात. एक म्हणजे अभिमान: वँकेल जगात मोजक्या देशांना जमलं, आपल्याला जमलं. दुसरं म्हणजे कुचेष्टा: सरकारी प्रयोगशाळांकडून आणखी काय होणार. मला दोन्ही अपुरी वाटतात. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे डेमो चालला की टाळ्या पडतात, पण ज्याला काम कळतं तो विचारतो, किती लोक वापरतात आणि रात्री दोन वाजता बंद पडलं तर कोण उठतं? पहिलं उड्डाण हा डेमो आहे. इंजिनाची खरी किंमत तासांत मोजतात: पूर्ण उघडून दुरुस्त करायच्या आधी किती तास चालतं? फ्लाइंग क्लबांत दिसणाऱ्या लायकॉमिंग इंजिनाचे २००० तास ठरलेले असतात. रोटॅक्स ९१२ चेही आज २००० आहेत, पण १९८९ च्या सुमारास ते आलं तेव्हा हा आकडा कितीतरी लहान होता. तो वाढत गेला कारण जगभर हजारो हौशी मालक, क्लब, शेतावरून उडणारे लोक ती इंजिनं चालवत होते, मोडत होते, कारखान्याला पत्रं लिहीत होते. कुठला सील कधी जातो, कुठली नळी उन्हात तडकते, हे प्रयोगशाळेतल्या चाचणी-बाकावर काही अंशीच कळतं. निशांतच्या इंजिनाला असे मालक कधी मिळालेच नाहीत.

इंजिनं घडवण्याच्या कितीतरी आधी नगरात धातू ओतला जात होता. १५४९ साली निजामशाहीत मुहम्मद बिन हसन रूमी नावाच्या तुर्की कारागिराने इथे मलिक-ए-मैदान ओतली, सुमारे ५५ टनांची तोफ. ती आज विजापूरच्या तटावर आहे. ते ज्ञान माणसाबरोबर आलं होतं, आणि तोफ ओतून झाली की काम संपत असे. इंजिनाचं तसं नाही. ते घडवून झालं की काम सुरू होतं.

म्हणून मला वाटतं, नगरच्या पुढच्या इंजिनाने ड्रोनची वाट पाहत बसू नये. नगरहून दोन-तीन तासांवर बारामतीत वैमानिक घडवणारी विमानं दिवसभर घिरट्या घालतात, तशीच गोंदियात आणि धुळ्यातही. तिथे एक विमान वर्षाला शेकडो तास उडतं, तेही धावपट्टीच्या आसपास, खाली मेकॅनिक उभा असताना. डीजीसीएची मान्यता मिळवणं किचकट आहे, वेळखाऊ आहे, पण अशक्य नाही. चार-पाच प्रशिक्षण विमानांवर देशी इंजिन प्रायोगिक म्हणून बसवावं, बिघाडांची नोंद उघड ठेवावी आणि ती नगरच्या टेबलावर रोज पोहोचावी. २००९ च्या त्या पहाटे मिळाली चाळीस मिनिटं. २००० तास म्हणजे तशी तीन हजार उड्डाणं, आणि ती सगळी एकाच प्रकल्पाच्या खात्यावर कधीच जमणार नाहीत.