तुरुंगाच्या वहीतला एक रकाना

तुरुंगाने मराठीला दिलेली पुस्तके थोडीथोडकी नाहीत. 'गीतारहस्य' मंडालेत लिहिले गेले, विनोबांची गीतेवरची प्रवचने धुळ्याच्या तुरुंगात झाली आणि साने गुरुजींनी 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगात लिहिली. ही पुस्तके आणि त्यांच्या जोडीने तुरुंगातल्या आठवणी वाचता वाचता मला एका साध्या गोष्टीचे कुतूहल लागले. माणूस मोठ्या दरवाजातून आत गेला की त्याचे पहिल्यांदा काय होते? त्याची नोंद होते. नाव, गाव, वय, गुन्हा, शिक्षा आणि बरोबरीने जात. तो कोणत्या बराकीत राहणार, कोणाशेजारी झोपणार, कोणते काम करणार, त्याला कागद मिळणार की नाही, हे त्या नोंदीवर ठरते. यालाच कारागृहाच्या भाषेत वर्गीकरण म्हणतात.

वर्गीकरणाची गरज खरीच आहे. पहिल्यांदा चोरीत सापडलेला पोरगा आणि चार वेळा आत येऊन गेलेला सराईत दरोडेखोर एका बराकीत कोंडले, तर पोरगा एक तर मार खाईल किंवा शागीर्द होईल. मेकॉले ज्या तुरुंग समितीचा सदस्य होता, तिने 1838 च्या अहवालात कैद्यांच्या अशा सरमिसळीवर टीका केली होती. 1894 च्या तुरुंग कायद्याने स्त्रिया आणि पुरुष, कच्चे कैदी आणि शिक्षा झालेले, दिवाणी आणि फौजदारी, कोवळी मुले आणि प्रौढ यांना वेगळे ठेवण्याचा दंडक घातला. आजही हा भाग चूक म्हणता येणार नाही. त्यामागचा प्रश्न सरळ आहे : या माणसाला कोणापासून धोका आहे आणि याच्यापासून कोणाला?

पण आपल्या तुरुंगांत या प्रश्नाशेजारी दुसरा एक प्रश्न कायम बसलेला दिसतो : हा माणूस कोण आहे? म्हणजे कोणत्या जातीचा, कोणत्या घरचा?

हा प्रश्न आत कसा शिरला, ते बिहारच्या तुरुंगांत दिसते. पूर्वी कैदी आपापला स्वयंपाक वेगळा करीत. 1840 च्या दशकात सरकारने एकत्र जेवणाची पद्धत आणली, तेव्हा जात बाटेल या भीतीने दंगे झाले. 1855 मध्ये आरा आणि मुझफ्फरपूर येथे कैद्यांचे पितळी लोटे काढून मातीची भांडी देण्यात आली. लोटा हाणामारीत हत्यार होतो, असा अधिकाऱ्यांचा विचार. मातीचे भांडे धुऊन शुद्ध होत नाही, असा कैद्यांचा. बंड पेटले, मुझफ्फरपुरात बाहेरची माणसेही त्यात उतरली आणि लोटे परत द्यावे लागले. माझ्या मते यातून सरकारने एक सोयीचा धडा घेतला : जातीला हात लावायचा नाही, उलट तिच्याच आधाराने तुरुंग चालवायचा. स्वयंपाक कोणी करायचा आणि मैला कोणी उचलायचा, हे पुढे नियमपुस्तिकांतच जातीवर बेतले गेले.

घरंदाजपणाचा प्रश्न 1929 मध्ये ऐरणीवर आला. राजकीय कैद्यांना माणुसकीची वागणूक मिळावी म्हणून भगतसिंग आणि त्यांच्या साथीदारांनी उपोषण आरंभले. 63 व्या दिवशी, 13 सप्टेंबर 1929 रोजी, लाहोरच्या तुरुंगात जतीन दास यांनी प्राण सोडला. सरकारने 1930 मध्ये अ, ब आणि क असे वर्ग केले, पण 'राजकीय कैदी' हा वर्ग मानलाच नाही. अ आणि ब वर्ग मिळायचा तो सामाजिक दर्जा, शिक्षण आणि राहणीमान बघून. त्याच चळवळीत, त्याच कलमाखाली आलेला शेतकरी किंवा गिरणी कामगार क वर्गात जाई. मागणी होती सन्मानाची, मिळाली ती पंगतीतली जागा.

या वाटण्याला आतून धक्का देणारी घटना आपल्याकडची आहे. कोकणचे गांधी म्हणून ओळखले जाणारे आप्पासाहेब पटवर्धन 1932 मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात होते. आपल्याला भंगीकाम करू द्यावे, अशी त्यांनी मागणी केली. ती नाकारली गेली, कारण ते काम उच्चवर्णीय कैद्याचे नव्हे. त्यांनी अन्नत्याग केला. येरवड्यात असलेल्या गांधीजींनी 3 डिसेंबर 1932 रोजी त्यांच्यासाठी उपोषण सुरू केले आणि सरकारकडून विचाराचे आश्वासन मिळाल्यावर सोडले. याच येरवड्यात सव्वादोन महिन्यांपूर्वी पुणे करार झाला होता. एक माणूस हलके मानलेले काम मागतो आणि तुरुंग ते देत नाही, हे वाचताना मी थबकलो. कारण त्या नकाराची दुसरी बाजू उघड होती : जो मागत नव्हता, त्याच्यावर हेच काम जन्मामुळे लादले जात होते.

स्वातंत्र्यानंतरही हे नियम अनेक राज्यांच्या पुस्तिकांत तसेच राहिले. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांनी त्यावर लिहिले आणि सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. 3 ऑक्टोबर 2024 रोजी न्यायालयाने जातीवर आधारलेली कामाची वाटणी आणि बराकींची विभागणी घटनाबाह्य ठरवली, कैद्यांच्या नोंदवह्यांतून जातीचा रकाना काढायला सांगितले आणि पुस्तिका तीन महिन्यांत सुधारण्याचा आदेश दिला. विमुक्त जमातींना जन्मतःच सराईत समजण्याच्या रीतीवरही निकालात बोट ठेवले आहे. आप्पासाहेबांच्या उपोषणाला तोवर जवळपास 92 वर्षे झाली होती.

रकाना पुसला, म्हणून पहिला प्रश्न सुटत नाही. कोणाला कोणाशेजारी ठेवायचे, हे रोज कोणाला तरी ठरवावेच लागणार. त्यासाठी वय, आजार, पूर्वीची हिंसा, कोणाशी वैर, मनाची स्थिती हे विचारावे लागते, आणि तसे विचारायला वेळ आणि जागा लागते. देशातल्या कैद्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश कच्चे कैदी आहेत, बराकी तुडुंब आहेत. अशा गर्दीत माणसाची नीट चौकशी करण्यापेक्षा त्याच्या आडनावावरून अंदाज बांधणे सोपे जाते. वहीत रकाना नसला, तरी ही सवय वही लिहिणाऱ्याच्या मनात राहू शकते. तिच्यावर नजर ठेवायची, तर तुरुंगाच्या आतले बाहेरच्यांनी वाचत राहिले पाहिजे.