राजदूत आणि कापसाची रुई

१९७२ साली राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. कापूस सरकारी केंद्रावर घालायचा आन चुकाऱ्याची वाट पाहायची, असे ते दिवस. चुकारा हाती आला की वऱ्हाडातल्या घरात विहीर, पोरीचं लग्न नाहीतर मोटारसायकल, यांतलं एक काहीतरी व्हायचं. आमच्या घरी राजदूत आली.

राजदूत एस्कॉर्ट्स कंपनीची, १९६२ पासूनची. मूळ घडण पोलंडच्या एसएचएल गाडीची. १७३ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं. दुधाच्या कॅनी, ढेपीचं पोतं, तीन-तीन माणसं, सारं ओढायची. उन्हापावसानं खराब होऊ नये म्हणून बाबा ती कापसाच्या खोलीत उभी करत.

एका वेचणीत मायले वावरात साप चावला. बाबांनी किका मारल्या, मी मारल्या. गाडी काही सुरू होईना. शेवटी बंडी जुंपली, डांबरी सडकेवर ट्रकले हात दिला आन अकोल्याचा दवाखाना गाठला. माय वाचली. पण बंडीतली ती वाट आठवली की आजही छाती धडधडते.

पुढच्या आठवड्यात मी कारबोरेटर खोलला. जेट फुंकले, फ्लोटची वाटी धुतली, प्लग पुसला, सारं जोडलं. पहिल्याच किकीत गाडी अशी किंचाळली, की बकऱ्या दावं तोडून पळाल्या. रेस खाली येईना. बाबा ओरडले, "चाबी बंद कर, पोट्ट्या!"

गाडी मेटाडोरमध्ये टाकून अकोल्याले नेली. तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रीनं झाकण काढताच चूक धरली. रेसच्या स्लाइडला एका बाजूनं काप असतो. तो एअर फिल्टरकडे पाहिजे. मी उलटी बसवली होती. मग त्यानं प्लग काढला. काळाकुट्ट. फिल्टर उघडला, तर आत रुईचा गोळा!

"काहून बावा, हिले श्वास घेऊ देत नाही तुम्ही?" तो म्हणाला.

हवा कमी, पेट्रोल जास्त. त्या रात्री दोघांनी किका मारमारून प्लग आणखीच भिजवला होता. कारबोरेटरचा दोष नव्हताच.

त्यानं सांगितलेला क्रम मी अजून पाळतो. आधी फिल्टर, मग प्लग, मग केबल, स्क्रूले हात सगळ्यात शेवटी. रेसच्या केबलीले दोन-तीन मिलिमीटर ढील पाहिजे. नुसतं हँडल वळवल्यानं आवाज वाढला तर केबल ताणली समजा. हवेचा स्क्रू पूर्ण आत घेऊन दीड आटा बाहेर काढायचा. मग गाडी गरम झाल्यावर कानानं ऐकत थोडा इकडंतिकडं. प्लग काळा तर पेट्रोल जास्त, पांढरा तर कमी, तपकिरी तर बरोबर.

त्या दिवसापासून गाडी पडवीत उभी राहू लागली. माय होती तोवर वेचणी लागली की रोज सकाळी म्हणायची, "एक किक मारून पाय रे." मी मारत असे. गाडी सुरू झालेली ऐकली, की मगच ती वावराकडे निघायची.