रीसेट दाबून धरा

जपानमध्ये १९८६ साली फॅमिकॉम या गेम कन्सोलवर आलेल्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’मध्ये खेळ जपायचा म्हणजे पडद्यावरची अक्षरं वहीत उतरवून घ्यायची. पुढच्याच वर्षी आलेल्या दुसऱ्या भागात खेळ परत सुरू करून देणारा हा अक्षरांचा मंत्र ५२ अक्षरांपर्यंत लांबला. एक अक्षर चुकलं, की सगळं मुसळ केरात!

१९८७ मध्ये अमेरिकेत ‘द लेजंड ऑफ झेल्डा’ सोनेरी कार्ट्रिजमध्ये आला. आत खेळ जपणारी मेमरीची चिप आणि तिला जागं ठेवणारी नाण्याएवढी बॅटरी. पण कन्सोल बंद करताना वीज ओसरते, तेव्हा प्रोसेसर भरकटतो आणि चिपमध्ये काहीबाही लिहून बसू शकतो. म्हणून सूचना होती: आधी रीसेट दाबून धरा, मगच पॉवर बंद करा. रीसेट दाबलेलं असताना प्रोसेसर थांबलेला असतो. घाईत असलेल्या मुलांकडून ही शिस्त पाळली जाणं कठीणच.

बॅटरीचं आयुष्य मात्र कुणाच्या शिस्तीवर अवलंबून नव्हतं. १९९९ च्या ‘पोकेमॉन गोल्ड’मध्ये तीच बॅटरी घड्याळही चालवायची, त्यामुळे ती लवकर संपते.

बॅटरी बदलता येते. पण जुनी काढताच चिपमधलं सगळं पुसलं जातं. तेव्हा सोल्डरिंग आयर्न हातात घेण्याआधी कार्ट्रिज रीडरने सेव्ह संगणकावर उतरवून घ्या.