विळीवरून ओट्यावर : मुंबईच्या स्वयंपाकघरातली छोटी सुरी

आजचा विषय जाहीर झाल्यावर एका जुन्या विद्यार्थ्याने फोन केला. म्हणाला, "सर, तत्त्वज्ञान सोडून भाजी चिरायला कधीपासून लागलात?" प्रश्न रास्त आहे. उत्तर असं की, निवृत्तीनंतर. त्याआधी साठ वर्षं आम्ही चिरलेली भाजी नुसती खाल्ली. ती कोणी चिरली, कशावर चिरली, ही चौकशी कधी केली नाही. आजचं व्याख्यान म्हणजे ती उशिराची चौकशी समजा.

रोजच्या स्वयंपाकाला स्वस्त, छोटी सुरी कोणती घ्यावी, असं पुष्कळजण विचारतात. त्याचं उत्तर शेवटी देऊ. आधी हे लक्षात घेऊ की गिरगाव, दादर, परळ, लालबाग इथल्या जुन्या मराठी घरांत सुरी ही पाहुणी होती. लिंबू कापायला, फळाची फोड करायला ती निघायची. घरची मालकीण होती विळी. कुठे तिला मोरळी म्हणतात, गोव्याकडे आदोळी. लाकडी पाट, त्यावर उभं वाकडं पातं, टोकाला नारळासाठी दातेरी खवणी. पाटावर एक पाय दाबून बसायचं आणि दोन्ही हातांनी भाजी पात्यावर न्यायची. इथे हत्यार स्थिर असतं आणि वस्तू हलते. सुरीचं नेमकं उलटं. वस्तू स्थिर, हत्यार हलतं. फरक दिसायला छोटा आहे, पण सगळं शरीर त्यावर बेतलेलं असतं.

विळी मुंबईत टिकली याचं एक कारण जागा. १९२० साली सरकारने बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढलं आणि त्या दशकात नायगाव, वरळी, शिवडी आणि डिलाइल रोड, म्हणजे आजचा ना. म. जोशी मार्ग, इथे बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. एक खोली १६० चौरस फुटांची. तीच बैठक, तीच झोपायची जागा, तेच स्वयंपाकघर. अशा खोलीत जमीन हाच ओटा. पोळपाट जमिनीवर, स्टोव्ह जमिनीवर, विळीही जमिनीवर. काम झालं की विळी आडवी करून भिंतीशी सरकवायची. "विळी आडवी कर रे, पोरं फिरतायत," हे वाक्य ऐकलं नाही असा चाळकरी विरळा. चिरायला एक, किसायला दुसरं, खवायला तिसरं अशी हत्यारं ठेवायला जागा कोणाकडे होती? एका पात्यावर मेथीपासून बांगड्यापर्यंत सगळं. फार तर मासळीची विळी वेगळी.

आता आमच्या जुन्या धंद्यातली एक गोष्ट सांगू द्या. अ‍ॅरिस्टॉटलच्या 'पॉलिटिक्स' या ग्रंथाच्या पहिल्याच भागात एका सुरीचा उल्लेख आहे. डेल्फीची सुरी. कारागीर काटकसर म्हणून अनेक कामांना चालेल अशी एकच सुरी घडवतात. निसर्ग मात्र असा कंजूष नाही, तो एका कामासाठी एकच वस्तू घडवतो, असं तो म्हणतो. हा उतारा आम्ही वर्षानुवर्षं वर्गात शिकवला. हे उदाहरण त्याने कशासाठी घेतलं, यावरून मात्र आम्ही भरभर पुढे जात असू. स्त्री आणि गुलाम निसर्गतःच वेगळे आहेत, दोघांची कामं वेगवेगळी नेमून दिलेली आहेत, हे सिद्ध करायला त्याने ती सुरी वापरली. ती सुरी रोज हातात धरणाऱ्या माणसाला मात्र त्याने काही विचारलेलं दिसत नाही.

आमच्या गिरगावातल्या खोलीत तर त्याचा सिद्धान्त टिकलाच नसता. तिथे विळी अनेक कामांची होती आणि विळीवर बसणारी बाईसुद्धा. पाणी भरणं, चिरणं, खवणं, डबे भरणं, आजारपणं काढणं, सगळं एकाच माणसाकडे. डेल्फीची सुरी म्हणायची तर आमची आईच होती.

गिरणगावात हेच काम पोट भरण्याचं साधन झालं. गावाकडून एकटे आलेले गिरणी कामगार खानावळींत जेवत आणि त्या खानावळी बहुतेक बायकाच आपल्या खोलीतून चालवत. दोन वेळची भाजी, आमटी, भाकरी, तीही पाळ्यांच्या वेळा सांभाळून. वीस जणांचा कांदा विळीवर चिरायचा तर किती वेळ उकिडवं बसावं लागतं, हे एकदा बसून पाहा. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभारलं ते याच बायकांसाठी. सावकाराच्या व्याजातून सोडवून त्यांना बँकेचं कर्ज मिळवून देणं हे त्याचं मोठं काम. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. संपाच्या इतिहासात भोंगे येतात, मोर्चे येतात, पुढारी येतात. मेंबरांचे पैसे थकले तरी विळी बंद न ठेवणारी खानावळवाली त्यात फारशी दिसत नाही.

मग सुरी घरात शिरली कधी? पोलाद सुधारलं म्हणून ती आली असं वाटतं, पण तेवढंच कारण नाही. न गंजणारं पोलाद शेफील्डमध्ये हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ सालीच बनवलं होतं. आपल्याकडे गरज होती ती उभं राहायला जागेची. मुंबईत १९५५च्या सुमारास 'बर्शेन' नावाने गॅस आला आणि पुढच्या दशकांत हळूहळू मध्यमवर्गात पसरला. शेगडी जमिनीवरून ओट्यावर चढली, तिच्यामागे बाई उभी राहिली. एकदा उभं राहिल्यावर चिरण्यासाठी पुन्हा खाली कोण बसणार? सुरी ओट्याबरोबर आली, असं आमचं म्हणणं आहे.

हा बदल सगळ्यांना सुखाचा झाला नाही. आमच्या आईचे गुडघे गेले तेव्हा आम्ही तिला मोठ्या कौतुकाने एक सुरी आणून दिली. तिने ती उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "याला पाय कुठे ठेवू?" आम्ही हसलो. चार दिवसांनी तिचं बोट कापलं. पन्नास वर्षं तिच्या हातांना भाजी पात्याकडे न्यायची सवय होती. पातं भाजीकडे न्यायला ते हात शिकलेच नव्हते. ती पुन्हा विळीवर बसली, दुखऱ्या गुडघ्यांनिशी. तिच्याऐवजी आम्ही सुरी हातात घ्यावी, हे तेव्हा सुचलंसुद्धा नाही. आज त्याची लाज वाटते.

आता निवडीकडे वळू. दोन सुऱ्या पुरतात. एक चार इंची : लसूण, मिरची, सोलणं, फोडी. दुसरी सहा इंची : कांदा, कोबी, पालेभाजी. दादरच्या बाजारात अशी साधी सुरी शंभर-दीडशेच्या आत मिळून जाते. घेताना पातं धारेकडून डोळ्यांसमोर धरा. सरळ आणि पातळ हवं. जाड पातं गाजर चिरत नाही, फोडतं. मुठीत फट नको, तिथे पाणी मुरतं. मूठ ओल्या हाताने धरूनही फिरू नये. दातेरी सुरी टोमॅटोला आणि पावाला छान, पण तिला घरी धार लावता येत नाही. नारळासाठी मात्र विळी राहू द्या. खवणीचं काम सुरीला जमत नाही.

स्वस्त सुरीचं पोलाद मऊ असतं, त्यामुळे धार लवकर जाते. पण तितक्याच लवकर लावताही येते. सायकलच्या चाकावर सहाण फिरवणारा धारवाला आता क्वचितच येतो. तो आला तरी ठिणग्या उडेपर्यंत पातं दाबू देऊ नका. फार तापलं की पोलादाचं पाणी उतरतं. घरी चिनी मातीच्या कपाच्या बुडाची खरखरीत कड चालते. पातं साधारण वीस अंशांत तिरपं धरून दोन्ही बाजू पाच-सहा वेळा ओढायच्या. ग्रॅनाइटच्या ओट्यावर किंवा स्टीलच्या ताटात चिरू नका, लाकडाच्या पाटावर चिरा. आणि बोथट सुरी सुरक्षित असते हा गैरसमज सोडा. बोथट सुरीवर जोर द्यावा लागतो, आणि जोर दिला की ती घसरते. सोन्याची सुरी कोणी उरात मारून घेत नाही. महागड्या सुरीचा मोहही तेवढाच ठेवावा.

बीडीडी चाळींतली माणसं आता १६० चौरस फुटांतून ५०० चौरस फुटांच्या घरांत जात आहेत. घर बदलताना पुष्कळ विळ्या भंगारात जातील. जाऊ देत, गुडघे मोडणाऱ्या हत्याराचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. मात्र एवढं व्हावं : विळीवर घरातली एकच व्यक्ती बसायची, ओट्यापाशी कोणीही उभं राहू शकतं. सुरी घेताना ती घरातल्या प्रत्येकाच्या हातात धरून पाहा. ज्याला ती जड वाटते, बेतशीर वाटत नाही, त्याला दुसरी घ्या. पण सुरी चिरणारीचीच, असं म्हणून कोणी बाजूला उभं राहू नये.

आम्ही साठाव्या वर्षी शिकलो. पहिला कांदा चिरायला अकरा मिनिटं लागली होती. आता प्रश्न विचारा.