रात्रीचे रक्त, दिवसाचा पाय

नागपुरात वाढलेल्या माझ्या पिढीतील अनेकांना रात्री दारावर येणारा सरकारी माणूस आठवत असेल. जेवणे आटोपत आली की तो यायचा. त्याच्याजवळ काचपट्ट्यांची पेटी, कापूस आणि सुई असे. घरातल्या एकेकाच्या बोटाला सुई टोचायची, रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरायचा, नाव-वय लिहून घ्यायचे आणि पुढच्या घरी जायचे. ‘हत्तीरोगवाले आले’ अशी हाक गल्लीत उठली की आम्ही मुले पलंगाखाली लपत असू. रात्रीच का, हा प्रश्न तेव्हा पडला नाही. हत्तीरोगाचे सूक्ष्म जंतू दिवसा शरीराच्या आतल्या रक्तवाहिन्यांत दडून असतात आणि रात्री त्वचेजवळच्या रक्तात उतरतात, म्हणून ही रात्रीची फेरी, हे नंतर वाचनात आले.

दुसरी एक गोष्ट मात्र त्याहून उशिरा कळली. ज्यांच्या रक्तात जंतू सापडत, ते बहुधा धडधाकट दिसणारे लोक असत. ज्यांचा सुजलेला पाय साऱ्या गल्लीला दिसत होता, त्यांची काचपट्टी बहुतेक वेळा स्वच्छ निघे. हत्तीपायाच्या अवस्थेला पोचलेल्या बहुतेक रुग्णांच्या रक्तात जंतू मिळत नाहीत. कृमी मरून गेलेले असतात किंवा शरीराने जंतूंचा निकाल लावलेला असतो. मागे उरते ती लसिकावाहिन्यांची मोडतोड. म्हणजे ज्या आकड्यावर हा रोग मोजला जातो, त्या आकड्यात रोगाने सर्वांत जास्त गांजलेला माणूस धरलाच जात नाही. हत्तीरोगाचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास या विसंगतीच्या आधाराने वाचावा लागतो. तो प्रामुख्याने जंतूचा आणि डासाचा इतिहास आहे. पाय त्यात फार उशिरा आला.

जुन्या वैद्यांपुढे मात्र पायच होता. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात श्लीपदाचे वर्णन आहे. जिथे जुने पाणी साचून राहते आणि जिथली हवा सर्व ऋतूंत थंड असते, अशा प्रदेशांत हा रोग विशेष आढळतो, असे तिथे सांगितले आहे. वर्ष उलटलेले, अतिशय वाढलेले, वारुळासारखे उंचवटे आलेले श्लीपद वैद्याने सोडून द्यावे, असाही निवाडा आहे. लक्षणीय बाब अशी की अंडवृद्धी आणि श्लीपद यांचा विचार एकाच अध्यायात केला आहे. दोन्हींमागे एकच कृमी असू शकतो, हे कळायला आणखी कित्येक शतके जायची होती.

तो शोध एकोणिसाव्या शतकात टप्प्याटप्प्याने लागला. १८६३ मध्ये पॅरिसमध्ये देमार्के यांना अंडवृद्धीच्या द्रवात सूक्ष्म जंतू दिसले. १८६६ मध्ये ब्राझीलमध्ये वुखेरर यांना ते रुग्णाच्या लघवीत आढळले. १८७२ मध्ये आपल्याकडे कलकत्त्यात टिमोथी लुईस यांनी ते माणसाच्या रक्तात पाहिले. १८७६ मध्ये ऑस्ट्रेलियात जोसेफ बँक्रॉफ्ट यांना पूर्ण वाढलेला कृमी मिळाला. पुढच्याच वर्षी चीनमधील अमॉय बंदरात पॅट्रिक मॅन्सन यांनी जंतू असलेल्या आपल्या माळ्याला डासांकडून चाववून घेतले आणि डासांच्या पोटात जंतूंची वाढ होताना पाहिली. कीटकामार्फत रोग पसरतो, या विचाराचा पाया इथे घातला गेला. मलेरियावर काम करणाऱ्या रोनाल्ड रॉस यांना दिशा दाखवणारे मॅन्सन ते हेच. या साऱ्या कामाचे मोल मोठे आहे. पण त्यातून वैद्यकाची नजर पायावरून सूक्ष्मदर्शकाकडे गेली आणि बराच काळ तिथेच राहिली.

स्वतंत्र भारतात १९५५ मध्ये राष्ट्रीय हत्तीरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. डीईसी हे औषध तोवर हाती आले होते. त्याच्या गोळ्या सरसकट वाटून पाहिल्या, पण लोकांनी त्या नीट स्वीकारल्या नाहीत. यात लोकांचे अडाणीपण शोधण्याचे कारण नाही. रक्तात जंतू असलेल्याने गोळी घेतली की जंतू मरू लागतात आणि त्याला ताप येतो, डोके दुखते. काही होत नसलेल्या माणसाला गोळीने आजारी पाडले, असाच त्याचा अनुभव. पुढे भर शहरांतील डासांच्या अळ्यांवर आला. विदर्भात हा रोग पसरवणारा क्युलेक्स डास घाण पाण्यात वाढतो. तुंबलेले नाले, उघडी गटारे, संडासाच्या टाक्या ही त्याची घरे. ज्या नाग नदीवरून नागपूरला नाव मिळाले, तिचाच शहरातला प्रवाह सांडपाण्याचा होत गेला, हे इथे विसरून चालणार नाही.

या सगळ्या काळात रुग्णाच्या शरीरात काय चालते? कृमींची जोडी लसिकावाहिन्यांत पाच-सात वर्षे जगते. लागण पुष्कळदा लहानपणीच होते, सूज मात्र तारुण्यात किंवा त्यानंतर दिसते. वाहिन्या रुंदावतात, त्यांच्या झडपा निकामी होतात आणि पायातला द्रव वर चढेनासा होतो. आधी संध्याकाळी दिसणारी सूज सकाळी उतरते. पुढे ती उतरत नाही. कातडी जाड होते, घड्या पडतात, गाठी येतात. हातमागावर बसणाऱ्याचे पाय दिवसभर खड्ड्यात लोंबते राहतात. धानपट्ट्यात रोवणीला जाणारी बाई दिवसचे दिवस चिखलात उभी असते. अशा कामांत सुजलेल्या पायाला उसंत मिळत नाही.

पण रुग्णाला विचारा, तो आधी सुजेबद्दल बोलणार नाही. तो बोलेल ‘तापाबद्दल’. एकाएकी हुडहुडी भरते, पाय लाल होऊन ठणकतो, जांघेत गाठ येते आणि आठवडाभर कामाला खाडा पडतो. असे झटके वर्षातून अनेकदा येतात, आणि प्रत्येक झटका पाय थोडा आणखी जाड करून जातो. वैद्यक हे झटके दीर्घकाळ कृमींच्या खात्यावर मांडत आले. १९९० च्या दशकात ब्राझीलमधील रेसिफे शहरात जेरुसा ड्रेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांचे पाय बारकाईने पाहिले. यांतले बहुतेक झटके कृमींचे नसून साध्या जिवाणूंचे आहेत, आणि ते जिवाणू पायाच्या बोटांमधल्या भेगांतून, बारीक जखमांतून आत शिरतात, असे त्यांना आढळले. उपायही तसाच साधा निघाला. रोज साबण-पाण्याने पाय धुणे, बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवणे, भेगांना मलम लावणे, बसताना-निजताना पाय उंच ठेवणे आणि बेताचा व्यायाम करणे. एवढ्याने झटके कमी झाले. आपल्याकडे केरळात कासारगोड येथे आयुर्वेद, योग आणि आधुनिक त्वचाविज्ञान यांची सांगड घालून पायाच्या शुश्रूषेची अशीच पद्धत उभी राहिली.

हे वाचल्यावर मी थबकलो तो आपल्या भाषेमुळे. पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यांत होणाऱ्या जखमांना आपण चिखल्या म्हणतो. पायाला जखम झाली की जांघेत येते ती गाठ म्हणजे अवधान. गाठ आली की ‘पायाला काही लागलं का?’ हे घरातली म्हातारी माणसे न चुकता विचारीत. जखम कुठे आणि गाठ कुठे, हा संबंध घरोघरी ठाऊक होता. हत्तीपायाच्या माणसाकडे बघताना मात्र हा प्रश्न कुणी विचारला नाही. त्याचा पाय असाध्य ठरलेला होता. असाध्य मानलेल्या पायाच्या बेचक्या कोण तपासणार?

अंडवृद्धीची गोष्ट याहून जिव्हारी लागणारी. ती शस्त्रक्रियेने बरी होऊ शकते. तरी पुरुष धोतराआड, पायजम्याआड ती वर्षानुवर्षे लपवतात, लांबच्या गावाला जाणे टाळतात, घरातही बोलत नाहीत. बाईचा सुजलेला पाय लुगड्याखाली झाकला जातो. लग्न ठरायचे असेल तर घरातल्या इतरांच्या पायांचीही चर्चा होते. हा रोग सहसा जीव घेत नाही, म्हणून मृत्यूच्या तक्त्यांत तो जवळजवळ दिसत नाही. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारांची यादी आहे. तीतही हत्तीरोगाचे नाव वेगळे घेतलेले नाही.

विदर्भाने या रोगाच्या अभ्यासात भर घातली आहे. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. बी. सी. हरिनाथ यांच्या गटाने जंतूंच्या प्रतिजनांवर आणि प्रतिपिंडांवर वर्षानुवर्षे काम केले. रात्रीच्या रक्तावाचून निदान व्हावे, या दिशेचे ते प्रयत्न होते. २००४ पासून देशात सामूहिक औषधोपचाराच्या फेऱ्या सुरू झाल्या. २०१९ च्या सुरुवातीला आयव्हरमेक्टिन, डीईसी आणि अल्बेंडाझोल ही तीन औषधे एकत्र देण्याची पद्धत देशातल्या ज्या पहिल्या काही जिल्ह्यांत आली, त्यांत नागपूर होते. गोळ्या आवश्यकच आहेत. आज घेतलेली गोळी उद्याच्या मुलाचा पाय वाचवते. पण सुजलेला पाय ती पूर्ववत करत नाही, आणि हे दारावर गोळी देताना स्पष्ट सांगितले पाहिजे. नाहीतर पाय तसाच राहिलेला शेजारी बघून लोक गोळीलाच खोटे ठरवतात.

निर्मूलनासाठी आधी २०१५ ची मुदत होती. ती हुकली, पुढे सरकली, आणि आता २०२७ चे उद्दिष्ट आहे. श्रीलंकेने २०१६ मध्ये आणि बांगलादेशाने २०२३ मध्ये हे साधले, तेव्हा आपल्यालाही अशक्य नाही. रक्तातील जंतूंचे प्रमाण नगण्य झाले की ‘हत्तीरोग संपला’ असा मथळा छापून येईल. त्या दिवशीही देशात लाखो पाय सुजलेलेच असतील. जागतिक आरोग्य संघटना निर्मूलनाला मान्यता देताना रुग्ण किती आणि त्यांच्या शुश्रूषेची सोय कुठे, हेही विचारते. ती अट कागदावर पुरी करता येईल. खरी पुरी व्हायची, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात टब, मग, साबण, टॉवेल आणि मलम हवे, आणि पाय हातात घेऊन तो धुवायला शिकवणारे कुणीतरी हवे.

लहानपणी रात्री दारावर येणाऱ्या त्या माणसाने आपले काम चोख केले. त्याच्यामागून दिवसाउजेडी दुसरे कुणी यायला हवे होते. ते यायचे अजून बाकी आहे.