'जा' न म्हणणारा सिग्नल

जगातला पहिला वाहतूक सिग्नल मोटारींसाठी बनलाच नव्हता. १० डिसेंबर १८६८ रोजी तो लंडनमध्ये, ब्रिटिश संसदेजवळच्या चौकात उभा राहिला, तेव्हा रस्त्यावर घोडागाड्या होत्या. कार्ल बेन्झने मोटारीचे पेटंट मागायला अजून सतरा वर्षे होती. कल्पना जॉन पीक नाइट या रेल्वे अधिकाऱ्याची, बांधणी सॅक्सबी अँड फार्मर या रेल्वे सिग्नल बनवणाऱ्या कंपनीची. थोडक्यात, रुळांजवळचा सिग्नल उचलून रस्त्यावर आणला होता. त्याची चार फुटी चालती प्रतिकृती मी गेल्या पावसाळ्यात घरी बनवली.

खांबाला भंगारातला जीआय पाईप, हातांना पत्रा, ओढायला सायकलची ब्रेक वायर. हात आडवा असला की 'थांबा', तिरका खाली झुकला की 'जपून'. आपल्याकडे स्टेशनात लोक 'सिग्नल पडला' म्हणत, ते अशाच झुकणाऱ्या हातावरून. हाताच्या मागच्या टोकाला मी वॉशर बांधून वजन दिले. वायर तुटली तरी हात आपोआप आडवा होतो. रेल्वेचे जुने तत्त्वच आहे ते: बिघाड झाला तर सिग्नलने 'थांबा'च सांगावे.

रात्रीसाठी वर कंदील होता, गॅसवर जळणारा, लाल आणि हिरव्या काचांचा. खाली उभा असलेला पोलीस दांडा फिरवून हवा तो रंग गाड्यांकडे करी. मी गॅसऐवजी एलईडी आणि काचेऐवजी जिलेटीन कागद वापरला.

अंधारात तो फिरवून दाखवला तेव्हा भाची म्हणाली, "मामू, हिरवा लागला. आता जायचं ना?"

नाही! या सिग्नलवर हिरवा म्हणजे 'जा' नव्हते. त्या काळी रेल्वेतही हिरव्याचा अर्थ सावधगिरी असाच होता. मार्ग मोकळा असल्याची खूण पांढरा दिवा. रस्त्यावर पांढरा लावलाच नाही. म्हणजे गाडीवानाला 'बिनधास्त जा' असे सांगणारी खूणच या यंत्रात नव्हती. पोलीस आयुक्त रिचर्ड मेन यांच्या सूचनेत 'थांबा' कशासाठी हेही स्पष्ट होते: पायी चालणाऱ्यांना रस्ता ओलांडता यावा म्हणून. एरवीही गाडीवानाने त्यांना सांभाळूनच पुढे जायचे. आज आपल्या चौकात म्हातारी माणसे जीव मुठीत धरून पळतात आणि वर हॉर्न खातात. सिग्नलचा जन्म त्यांच्यासाठी झाला होता, हे त्या हॉर्नवाल्यांना कोण सांगणार?

हा सिग्नल महिनाभरही धड चालला नाही. २ जानेवारी १८६९ रोजी गॅस गळून स्फोट झाला आणि दांडा सांभाळणारा पोलीस गंभीर भाजला. माझ्या एलईडीचे कारण हेच. त्यानंतर रस्त्यावरच्या सिग्नलसाठी लंडनने पन्नासहून अधिक वर्षे वाट पाहिली.

तोवर हा शोध अमेरिकेत पोचला होता. १९१४ मध्ये क्लीव्हलँडला विजेचा लाल-हिरवा सिग्नल लागला आणि हिरव्याचा अर्थ 'जा' झाला. १९२० मध्ये डेट्रॉइटचे पोलीस अधिकारी विल्यम पॉट्स यांनी मध्ये पिवळा घातला. मला मात्र गॅरेट मॉर्गन अधिक जवळचे वाटतात. पूर्वी गुलाम असलेल्या आईवडिलांचा हा मुलगा क्लीव्हलँडमध्ये शिलाई मशीन दुरुस्त करत करत संशोधक झाला. २० नोव्हेंबर १९२३ रोजी पेटंट मिळालेल्या त्यांच्या हातांच्या सिग्नलमध्ये एक स्थिती अशी होती, की चारही बाजूंच्या गाड्या एकदम थांबाव्यात आणि माणसांनी चौक पार करावा.

आता तोच करायला घेतोय. हँडलसाठी एका शिंपीमित्राकडचे जुन्या मशीनचे चाक बघून ठेवले आहे.